ई-मेलने फोटो पाठवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातल्या एका समारंभाचे सहा फोटो मी बहिणीला ई-मेलने पाठवले. सगळ्या फाइलींचा आकार मिळून 21 एमबी होता आणि माझ्या ई-मेल सेवेची मर्यादा 25 एमबी आहे. तरीही आकार मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे कळवून मेल परत आला. असे का झाले?

उत्तर : आपली बेरीज बरोबर आहे, फक्त त्यात एक वाढावा धरायचा राहून गेला. ई-मेलची यंत्रणा मुळात मजकूर वाहून नेण्यासाठी उभी राहिली आणि 1982 साली ठरलेल्या तिच्या नियमांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढ्यांचीच सोय होती. पुढे 1992 मध्ये ‘माइम’ नावाची पद्धत आली आणि कोणतीही फाइल अक्षरांच्या रूपात मांडून मेलसोबत जोडता येऊ लागली. त्या वर्षी 11 मार्चला नॅथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने जो मेल पाठवला, त्यात ते ज्या चौघांच्या चमूत गात असत त्या चमूचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. मित्रांचा फोटो पाठवण्याची इच्छा या सोयीच्या अगदी आरंभापासून आहे, हे मला फार आवडते.

आजही आपला फोटो अशाच रीतीने अक्षरांत रूपांतरित होऊन जातो आणि त्यात दर तीन बाइटांसाठी चार अक्षरे खर्ची पडतात. म्हणजे 21 एमबीच्या फाइली वाटेवर सुमारे 28 एमबी होतात. शिवाय मर्यादा दोन्ही बाजूंना असते : आपल्या सेवेने मेल स्वीकारला तरी बहिणीच्या सेवेची मर्यादा त्याहून कमी असेल, तर तिच्या दारातून तो परत फिरतो. म्हणून मर्यादा 25 एमबी असली तरी एका मेलमध्ये 15 एमबीच्या पुढे जाऊ नये, असे मी सुचवेन.

फाइली झिप करून काही हाती लागत नाही, कारण जेपेग फोटो आधीच दाबून लहान केलेला असतो. खरा उपाय म्हणजे फोटोची लांबी-रुंदी कमी करणे. आजच्या फोनवर काढलेला फोटो सहसा 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. तो 1600 बाय 1200 केला, की ठिपके जवळजवळ एक षष्ठांशावर येतात आणि तरीही पडद्यावर फोटो नीटच दिसतो. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये पाठवताना लहान, मध्यम, मोठा की मूळ आकार हवा, ते निवडता येते. इतर फोनवर आणि संगणकावर फोटो संपादनाच्या अ‍ॅपमध्ये ‘रिसाइज’ हा पर्याय सापडतो. मात्र हे काम नेहमी फोटोची प्रत करून त्या प्रतीवरच करावे. मूळ फोटोवरच करून ‘सेव्ह’चे बटण दाबले, तर गेलेले ठिपके पुन्हा भरून काढता येत नाहीत.

प्रश्न : आपण मागे सुचवल्याप्रमाणे मी फोटो लहान करून पाठवू लागलो. आता मुलाने त्यातला आजीचा फोटो छापून घेतला, तर तो अगदी फुटलेला आला. चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीच म्हणता येणार नाही, पण हा फोटो छापायचा आहे, हे आपल्याला आधी कळायला हवे होते. पाहण्यासाठीचा फोटो आणि जपण्यासाठीचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाठवण्याआधी ‘समोरचा याचे काय करणार?’ हा एक प्रश्न विचारला, तर पुढचे बहुतेक प्रश्न उरत नाहीत.

छपाईसाठी इंचाला 300 ठिपके हे माप धरतात. त्या हिशेबाने 6 बाय 4 इंची प्रतीला 1800 बाय 1200 पिक्सेल लागतात आणि 10 बाय 8 इंची प्रतीला 3000 बाय 2400. आपण पाठवलेला फोटो 640 बाय 480 चा असेल, तर 6 इंच रुंदीवर इंचाला जेमतेम 107 ठिपके येतात. असा फोटो छापला, की आजीच्या चष्म्याची काडी सरळ न दिसता जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या एकमेकींत मिसळून नुसता करडा डाग उरतो. त्या सुरकुत्यांसाठीच तर मुलाला तो फोटो हवा असणार. तेव्हा तो एकच फोटो मूळ आकारात, स्वतंत्र मेलने पाठवावा. तीन-चार एमबीची एक फाइल सहज जाते.

मूळ आकाराचे पुष्कळ फोटो पाठवायचे असतील, तर ते गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवून मेलमध्ये लिंक द्यावी. जीमेलमध्ये 25 एमबीच्या वरची फाइल जोडली, तर ती आपोआप ड्राइव्हवर जाऊन तिची लिंकच पाठवली जाते. आयफोनच्या मेल अ‍ॅपमधली ‘मेल ड्रॉप’ ही सोय 5 जीबीपर्यंतच्या फाइली नेते. पण ती लिंक 30 दिवसांनी बंद होते, हे ज्याला पाठवली त्याला आवर्जून कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचेच असेल, तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा, म्हणजे तो दाबला जात नाही.

प्रश्न : नातवंडांचे फोटो मी चाळीस नातेवाइकांना आणि स्नेह्यांना एकाच मेलने पाठवते. यात काही धोका आहे का?

उत्तर : सगळे पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’च्या रकान्यात असतील, तर चाळीस जणांचे पत्ते एकमेकांना न विचारता आपण वाटून टाकता. एखाद्याने ‘रिप्लाय ऑल’ केले, की त्याचे खासगी बोलणेही चाळीस घरी पोहोचते. अशा वेळी पत्ते ‘बीसीसी’मध्ये घालावेत आणि ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता द्यावा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल, तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि मूळ फाइल मेलने पाठवली की तेही सोबत जातात. घराच्या अंगणात काढलेल्या मुलांच्या फोटोबाबत याचा अर्थ काय होतो, ते आपल्या लक्षात येईल. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करता येते. लिंक देतानाही ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय न निवडता ठरावीक पत्त्यांनाच परवानगी द्यावी. आणि मूल जाणते असेल, तर त्याचा फोटो पाठवण्याआधी त्याला विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मित्राने आयफोनवरून पाठवलेले फोटो माझ्या जुन्या संगणकावर उघडत नाहीत.

उत्तर : फाइलच्या नावाशेवटी ‘एचईआयसी’ असेल. 2017 पासून आयफोन या प्रकारात फोटो साठवतो आणि जुन्या संगणकांना तो वाचता येत नाही. मित्राला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ हा पर्याय निवडायला सांगावे. यापुढचे फोटो जेपेगमध्ये येतील.

प्रश्न : जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन करून चुलत-मावस भावंडांना पाठवण्याचे मनात आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : हे काम लांबणीवर टाकू नका. त्या फोटोतली माणसे ओळखणारे जोवर आपल्यात आहेत, तोवरच त्याचा पुरता उपयोग आहे. 6 बाय 4 इंची फोटो इंचाला 600 ठिपक्यांनी स्कॅन करावा. तो 3600 बाय 2400 पिक्सेलचा होतो आणि पुढे दुप्पट मोठा छापता येतो. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. तिथे पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव, पुसट झालेली तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असतो आणि पुढच्या बाजूवरून न सुटणारे कोडे पुष्कळदा त्याने सुटते.

एका मेलमध्ये पाच-सहाच फोटो पाठवावेत. पन्नास एकदम आले, तर कोणी नीट पाहत नाही आणि उत्तरही देत नाही. स्कॅनरने दिलेले आकड्यांचे नाव बदलून फाइलला साल आणि प्रसंग यांचे नाव द्यावे. मेलमध्ये डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे लिहावीत आणि जिथे माणूस ओळखू येत नाही तिथे जागा रिकामी सोडून ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण?’ असे थेट विचारावे.