‘गुन्हेगारी दर’ की ‘गुन्ह्यांचा दर’?

कणकवलीच्या एक ताई स्थानिक दैनिकात उपसंपादक आहेत. त्यांनी विचारले आहे : “‘जिल्ह्याचा गुन्हेगारी दर वाढला’ असे शीर्षक आम्ही दिले. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला, ‘म्हणजे आमी काय गुन्हेगार झालंव?’ तर ‘गुन्हेगारी दर’ बरोबर, ‘गुन्ह्यांचा दर’ बरोबर की ‘गुन्ह्यांचे प्रमाण’? शिवाय ‘दखलपात्र’ म्हणावे की ‘दाखलपात्र’? आमच्याकडे दोन्ही छापून येते.”

ताई, ‘गुन्ह्यांचा दर’ म्हणा आणि जागा असेल तिथे ‘नोंदवलेल्या गुन्ह्यांचा दर’ म्हणा. ‘दखलपात्र’ हेच बरोबर, ‘दाखलपात्र’ असा शब्द नाही. पण तुमच्या वाचकाचा कान फार चांगला आहे. त्याला जे खटकले ते शब्दाच्या घडणीतच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘गुन्हा’ हा फारसी ‘गुनाह’वरून आलेला. मुळात त्याचा अर्थ पाप, अपराध. त्याला ‘-गार’ लागून ‘गुन्हेगार’ झाला, तो गुन्हा करणारा. ‘कामगार’मध्येही हाच प्रत्यय आहे. पुढे ‘ई’ लागून ‘गुन्हेगारी’ झाली. हे भाववाचक नाम आहे. ‘सावकारी’, ‘गुलामगिरी’ यांसारखे. त्यात माणसाची वृत्ती येते, धंदा येतो, वळण येते. ‘संघटित गुन्हेगारी’, ‘बालगुन्हेगारी’, ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ या प्रयोगांत ते अगदी चपखल बसते. पण गुन्हेगारी मोजता येत नाही, मोजता येतात ते गुन्हे. ‘चार गुन्हेगाऱ्या झाल्या’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतला ‘क्राइम’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, आपल्याकडे मात्र त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘क्राइम रेट’चे मराठी करताना आपण नेमका चुकीचा उचलला आणि एका आकड्याने अख्ख्या जिल्ह्याच्या स्वभावावर शिक्का मारला. फोन करणाऱ्या गृहस्थांनी हेच ऐकले.

‘प्रमाण’ हा शब्द मला आवडतो, पण इथे तो निसरडा आहे. कढीत आमसुलांचे प्रमाण किती, असे विचारले की कशाला किती ते सांगावे लागते : इतक्या वाट्या नारळाच्या दुधाला इतकी आमसुले. हा त्याचा खरा अर्थ. पण ‘पावसाचे प्रमाण वाढले’, ‘चोऱ्यांचे प्रमाण वाढले’ असे बोलताना ‘कशाला’ हा भाग गळून जातो आणि ‘पुष्कळ’ एवढेच उरते. वाचकाला संख्या कळते की दर, याचा भरवसा राहत नाही.

आणि संख्या व दर यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. राज्यांत सर्वांत जास्त उत्तर प्रदेशात, ३,४९१. ‘खुनांत उत्तर प्रदेश अव्वल’ अशी शीर्षके लगेच तयार होतात. पण लोकसंख्या समोर ठेवली तर देशाचा दर लाखामागे २.१ आणि उत्तर प्रदेशाचा १.५, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा कमी. त्या राज्यात माणसेच एवढी आहेत की संख्येच्या यादीत ते वर येणारच.

‘मागे’ हा शब्दयोगी अव्यय मराठीचे फार मोठे धन आहे असे मला वाटते. आपल्या बागायतदारांच्या तोंडी तो दिवसभर असतो. पेटीमागे खर्च किती, कलमामागे उतारा किती. नारळ शेकड्याने विकणाऱ्याला शेकडा भाव कसा काढायचा ते शिकवावे लागत नाही. मग ‘प्रति एक लाख लोकसंख्या इतका अपराध दर’ असले दगडी मराठी कशासाठी? ‘लाखामागे दोन’ म्हटले की झाले. स्त्रियांवरील गुन्ह्यांचा दर काढताना तो लाख स्त्रियांमागे काढतात, एकूण लोकसंख्येमागे नव्हे. हेही ‘लाख स्त्रियांमागे’ असे लिहिले की एका फटक्यात स्पष्ट होते.

मात्र ‘मागे’ म्हटले की मागे नक्की कोण उभे आहे ते पाहावे लागते, आणि इथे कोकणाची गोष्ट इतरांपेक्षा वेगळी होते. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती लांबणीवर पडली, त्यामुळे सरकारी अहवालांतले अलीकडचे दर अंदाजित लोकसंख्येवर काढलेले असतात आणि तो अंदाज २०११ वर उभा असतो. त्यात चाकरमानी आले. गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात ज्या घरात दोन म्हातारी माणसे असतात तिथे बाराजणांच्या पंगती बसतात. मालवण, गणपतीपुळे, आणि खाली गोव्याचा सगळा किनारा पर्यटकांनी भरतो. त्यांच्यापैकी कोणाची पर्स गेली, कोणाची मारामारी झाली, तर तो गुन्हा जिल्ह्याच्या गुन्ह्यांच्या आकड्यात मोजला जातो. ‘मागे’च्या, म्हणजे लोकसंख्येच्या, आकड्यात मात्र ती माणसे नसतात, ती मुंबई-पुण्याला मोजलेली असतात.

महामार्गाचेही तसेच. मुंबई–गोवा रस्त्यावर ट्रकने कोणाला उडवले आणि माणूस दगावला तर ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत’ असा गुन्हा दाखल होतो. (‘हयगय’ हा सुंदर शब्द आता जवळजवळ पोलिसांच्या कागदातच जिवंत आहे, त्यांचे आभार मानायला हवेत.) ट्रक परराज्यातला, मेलेला माणूस ठाण्याचा, गुन्हा आपल्या जिल्ह्यातला. ‘जिल्ह्याची गुन्हेगारी’ यात कुठे बसते?

‘हद्द’ या शब्दाकडेही लक्ष द्या. पोलिसांची हद्द आणि महसुली जिल्ह्याची हद्द एक असेलच असे नाही. पनवेल आणि उरण रायगड जिल्ह्यात आहेत, पण पोलिसांच्या हिशेबात ते नवी मुंबई आयुक्तालयात मोडतात. अहवालात ‘रायगड’ म्हणून जो आकडा दिसतो त्यात पनवेलसारखे मोठे शहर नसते. त्या आकड्याला अख्ख्या रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले तर दर उगाचच कमी येतो आणि अलिबागकर सज्जन ठरतात.

आता ‘नोंद’ हा शब्द. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा हाच. हे आकडे गोळा करणारी जी संस्था आहे तिचे नाव राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. कधी कधी बातम्यांत ‘गुन्हे अन्वेषण’ असे पडते, ती चूक आहे. १९८६ मध्ये हा विभाग स्थापन झाला. भारतातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल मात्र १९५३ पासूनच्या आकड्यांचा आहे. हा विभाग स्वतः गुन्हे शोधत नाही. पोलीस ठाण्यात जे लिहिले गेले त्याची बेरीज करतो. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या अहवालातच बजावलेले असते.

लिहिले कसे जाते ते मी स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधल्या गर्दीत एसटीतून उतरताना माझ्या शर्टाच्या खिशातला फोन गेला. दारात कोणीतरी अंगावर आले, मी दांडी धरली, खाली पाय टेकला तेव्हा खिसा हलका होता. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, “नेमका कुठल्या गावाच्या हद्दीत गेला ते सांगता येईल का?” मला सांगता येईना. मग तो म्हणाला, “काका, गहाळ लिहू या. सिमकार्ड आजच्या आज मिळेल.” छापील अर्जावर निळ्या शाईने त्याने लिहिले : ‘प्रवासादरम्यान कोठेतरी गहाळ झाला.’ मी सही केली, कारण मला सिमकार्ड हवे होते. हातात मिळाला तो ‘गहाळ दाखला’. गुन्हा दाखल झाला नाही. त्या वर्षीच्या चोऱ्यांच्या आकड्यात माझी चोरी नाही आणि ती कधीच येणार नाही. हे मला आजही बोचते, कारण खोटे वाक्य माझ्या सहीचे आहे.

‘हरवणे’, ‘गहाळ होणे’ या क्रियापदांत कोणी कर्ता नसतो. वस्तू आपोआप नाहीशी होते. ‘चोरणे’ला कर्ता लागतो, आणि कर्ता आला की तपास आला, पंचनामा आला, न्यायालय आले. एका क्रियापदाच्या निवडीवर आकडा ठरतो. मोटरसायकलीच्या बाबतीत असे सहसा होत नाही, कारण विम्याचा दावा करायला दाखल गुन्हा लागतोच. म्हणून वाहनचोरीचे आकडे पाकीटमारीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी भरवशाचे.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. ‘दखल’, ‘दाखल’ आणि ‘दाखला’ ही अरबीतल्या एकाच मुळाची लेकरे आहेत, मूळ अर्थ आत शिरणे. ‘दाखल’ म्हणजे आत आलेले, दप्तरात चढलेले. ‘दाखला’ म्हणजे तशा नोंदीचा कागद. ‘दखल’ म्हणजे लक्ष घालणे, हात घालणे. ज्या गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या हुकमाशिवाय स्वतः हात घालून तपास करू शकतात तो दखलपात्र. ज्यात तसे करू शकत नाहीत तो अदखलपात्र, बोलण्यात ‘एनसी’. ‘दाखलपात्र’ला अर्थच उरत नाही, कारण नोंद तर एनसीचीही होते.

राष्ट्रीय अहवालातल्या बेरजेत फक्त दखलपात्र गुन्हे येतात. आपल्याकडे गडग्याचा एक चिरा सरकला म्हणून चुलतभाऊ एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या देतात, ‘बघून घेईन’ म्हणतात, दोघेही ठाण्यात जातात. बहुतेकदा त्याची एनसी होते. अशी कितीतरी भांडणे गावाची झोप उडवतात, पण दिल्लीच्या अहवालात त्यांचा मागमूस नसतो. शिवाय एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. घरफोडी करताना खून झाला, तर मोजणीत तो खून.

नोंद वाढली की काय दिसते याची दोन उदाहरणे देतो. देशात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर बायका पुढे येऊन तक्रार देऊ लागल्या, २०१३ मध्ये कायद्यातली व्याख्याही रुंदावली. ‘तक्रार’चा अरबीतला अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणे’. पुन्हा पुन्हा खेपा घालूनही ज्यांचे लिहून घेतले जात नव्हते, त्यांचे लिहिले जाऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे. अशा वेळी वाढलेला आकडा ही मला तरी चांगली बातमी वाटते.

दुसरे उदाहरण २०२० चे. देशाचा एकूण दर लाखामागे ३८५.५ वरून ४८७.८ झाला. त्याच वर्षी चोऱ्या, घरफोड्या घटल्या होत्या, सगळी माणसे घरात होती. मग वाढले काय? सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम १८८ खालचे गुन्हे : २०१९ मध्ये २९,४६९, २०२० मध्ये ६,१२,१७९. टाळेबंदीत मुंबईहून चालत गावाकडे निघालेला माणूसही आदेश मोडणाराच होता. अशा वर्षी ‘देशात गुन्हेगारी वाढली’ हे वाक्य खोटे ठरते आणि ‘नोंदवलेले गुन्हे वाढले’ हे वाक्य खरे राहते. दोन शब्दांतला फरक याहून स्पष्ट मला दाखवता येणार नाही.

राज्याराज्यांतली तुलनाही याच चाळणीतून काढावी. आपल्याच किनाऱ्याने खाली गेले की केरळ लागते. एकूण गुन्ह्यांच्या दरात केरळ नेहमी वरच्या राज्यांत, पण खुनाचा दर लाखामागे एकाच्या आसपास, देशाच्या निम्म्याच्या घरात. २०२२ मध्ये तिथे ९६ टक्के प्रकरणांत दोषारोपपत्र गेले. लोक ठाण्यात जातात, पोलीस लिहून घेतात, असाच त्याचा अर्थ मी लावतो. खून सहसा लपत नाही, म्हणून दोन प्रदेशांची तुलना करायचीच तर खुनाच्या दराने करणे त्यातल्या त्यात बरे. तरी लहान जिल्ह्यात तिथेही जपावे. समजा साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात एका वर्षी ८ खून झाले आणि पुढच्या वर्षी १२, तर ‘खुनांत ५० टक्के वाढ’ असे शीर्षक होते. ते चार खून एकाच वाडीतल्या एकाच भाऊबंदकीतले असू शकतात. पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा, मग बोला.

पोलिसांच्या पत्रकातला आणखी एक शब्द तुमच्या टेबलावर रोज येत असणार : ‘घरफोडीचे ३ गुन्हे उघडकीस’. पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ तीन जुन्या गुन्ह्यांचा छडा लागला. वाचक समजतो, आणखी तीन घरे फुटली. तिथे ‘उकल’ वापरा.

शीर्षकाला जागा नसते, हे मला ठाऊक आहे. ‘गुन्हेगारी दर वाढला’ ही नऊ अक्षरे. ‘गुन्ह्यांची नोंद वाढली’ ही आठ. आणि बातमीच्या पहिल्या वाक्यात लाखामागे किती, कोणत्या सालची लोकसंख्या धरून आणि कोणाच्या हद्दीत, एवढे द्या. त्या गृहस्थांना फोन करून तेही सांगा.