हिवताप आणि गरिबी

प्रश्न : हिवताप डासांमुळे होतो, मग त्याचा संबंध गरिबीशी का जोडला जातो?

उत्तर : हा संबंध दुहेरी आहे. ॲनोफिलिस डासाची मादी मुख्यतः रात्री चावते, त्यामुळे भिंतींना भेगा असलेल्या, खिडक्यांना जाळी नसलेल्या घरात झोपणाऱ्यांना धोका अधिक असतो. आणि दवाखाना दूर असला, की रक्ततपासणीला उशीर होऊन आजार जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये हिवतापाने सुमारे ६ लाख ८ हजार माणसे दगावली, त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांमध्ये बहुसंख्य पाच वर्षांखालील बालके होती. उपचार उपलब्ध असताना होणारे हे मृत्यू मला अक्षम्य वाटतात.

दुसरीकडे, पावसाळ्यात डास वाढतात, म्हणून ऐन पेरणीत शेतकरी अंथरूण धरतो, आजारी मुलापाशी बसलेल्या आईची मजुरी बुडते, औषधासाठी शेळी विकावी लागते. वारंवारच्या तापाने अंगात रक्त न उरलेले मूल शाळेतही मागे पडते. कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या उपयोगी आहेतच. परंतु त्यांना थोडी जरी किंमत लावली, तरी घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटते, हे केनियातील अभ्यासात दिसून आले आहे, म्हणून त्या मोफतच द्यायला हव्यात.