घरातला एमसीबी सारखा पडतो, १६ काढून ३२ अँपिअरचा बसवला तर चालेल का?

नाही चालणार. कोणी आणून दिला, फुकट बसवून देतो म्हणाला, तरी बसवू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की उन्हाळा लागल्यापासून एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, दिवसातून तीन-चारदा पडतो आणि गावचा वायरमन म्हणतो, एमसीबी कमजोर झाला, ३२चा टाकू. हेच वाक्य आमच्या घरात बोललं गेलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळ आठ-दहा दिवसांनी येतो. म्हणून अंगणात जमिनीखाली टाकं, आणि तिथून गच्चीवर पाणी चढवायला एक एचपीची मोटर. २०१६चा एप्रिल होता. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करून अमरावतीत एका कंत्राटदाराकडे कामाला लागलो होतो. घरून फोन आला, मोटर लावली की अर्ध्या मिनिटात खटका पडतो. मी म्हटलं, आधी मोटर पाहा, तिला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर गेला असेल. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, फोनवर म्हणाले, "मोटर चांगली गुणगुणून राह्यली. ब्रेकरच बिमार हाय. तू काल शिकला अन् मले शिकवतं काय?" दुसऱ्याच दिवशी गावातल्या वायरमनने १६ काढून ३२ बसवला. खटका पडणं बंद. घरात सगळे खूश.

हे चाललं अकरा दिवस. बाराव्या दिवशी मी एका लग्नासाठी घरी आलो होतो. रात्री साडेनऊची वेळ, मोटर चालू. आई म्हणाली, "कापसाच्या खोलीत काई जळून राह्यलं काय, पाय बरं."

भाव वाढेल म्हणून त्या वर्षी अठरा क्विंटल कापूस घरात ठेवला होता. खोली जवळजवळ छतापर्यंत भरली होती. मी मेन स्विच पाडला आणि बॅटरी घेऊन आत शिरलो. कापसाच्या वीतभर वर, भिंतीवरची वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी मऊ होऊन खाली लोंबत होती. ओढली तर आतून जोड निघाला. दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर नुसती पिळून जोडलेली, वरची टेप डांबरासारखी वितळलेली, तांबं काळंनिळं पडलेलं. खाली चार बोटांवर कापूस. वरचा थर पिवळा झाला होता, हातात घेतला की कुस्करून जायचा. आम्ही सहा जणांनी चादरींत गाठोडी बांधून रात्री तीनपर्यंत सगळा कापूस अंगणात काढला. त्या रात्री कोणी कोणाशी बोललं नाही.

झालं होतं ते इतकंच. मोटरीचा कपॅसिटर कमजोर झाला होता आणि संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज २३०च्या जागी १७०-१८० असतं. मोटरीला उठायला जोर मिळत नव्हता, ती जागच्या जागी गुणगुणत होती. एरवी सहा-सात अँपिअर घेणारी मोटर अडकली की त्याच्या चार-पाच पट ओढते. दीडच्या वायरीला पंधरा-सोळाच्या वर सोसत नाही. म्हणून १६चा एमसीबी अर्ध्या मिनिटात पडत होता, आणि बरोबर पडत होता. ३२चा बसला, तो तीस अँपिअरला जागचा हलला नाही. मग मोटर तशीच पाच-पाच मिनिटं गुणगुणत राहायची, कधी एकदाची उठायची, आणि तापायची भिंतीतली वायर. एमसीबी वायर वाचवायला असतो. त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो, घरातली कटकट किती आहे त्यावरून नाही.

फ्यूजच्या काळापासून ही सवय आहे. बारीक तार उडते म्हणून जाड तार पिळायची. मोठे बाबांनी आयुष्यभर तेच केलं, आणि तेव्हाही कुठेतरी काहीतरी जळतच होतं, फक्त त्याचं नाव 'शॉर्टसर्किट' ठेवून सोडून द्यायचे.

आता तुमचं. खटका वर करताच ताडकन पडतो की काही वेळाने, अर्ध्या मिनिटाने असो वा दहा-पंधरा मिनिटांनी, हे आधी पाहा. लगेच पडला तर शॉर्ट आहे. उशिरा पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा कुठला स्क्रू ढिला आहे. ढिला स्क्रू तापतो, त्या जागेचं प्लास्टिक पिवळं-काळं पडतं. घरातले सगळे प्लग उपसून काढा. नुसती बटनं बंद करून उपयोग नाही, आपल्याकडे बऱ्याच बोर्डांत बटन न्यूट्रलवर असतं, म्हणजे बंद केलं तरी आत करंट राहतो. मग एकेक लावत जा. उन्हाळ्यातच पडतो म्हणता, तर कूलर आणि मोटर यांच्यावर माझा पहिला संशय.

एक राहिलं. पडतो तो एमसीबीच आहे ना? टेस्टचं बटन असलेला ईएलसीबी असेल तर गोष्ट वेगळी. तो ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो आणि कूलरचा पंप गळत असेल तर तोच तुम्हाला वाचवतोय. खाऱ्या पाण्यात पंप लवकर खराब होतात. कूलरच्या झटक्याने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, म्हणून तो बायपास करू नका आणि प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नका. मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाच्या बाजूला काही असेल तर हात लावू नका, वीज कंपनीच्या १९१२ या नंबरला फोन करा. आणि हो, एमसीबी कधीकधी खराबही होतो. तसं निघालं तर त्याच अँपिअरचा नवीन बसवा.

आमच्या घरी मी कपॅसिटर बदलला, मोटरीला अडीचची वेगळी लाईन ओढली, आणि मोठे बाबांनी दिवाणाच्या खणात टाकलेला तोच जुना १६चा एमसीबी तिच्यावर परत लावला. तो आजही तिथेच आहे, विनाकारण एकदाही पडलेला नाही. मोठे बाबा अजून चार माणसांत सांगतात, "तवा बिमार होता, मंग सुधरला." एमसीबी सुधरत नसतो, मोठे बाबा. तो तेव्हाही चांगलाच होता.