कंबोडियात दोन आठवडे इंग्रजी शिकवायला दीड लाख भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला राहता, इंग्रजी घेऊन बीए झालंय, परदेशात जाऊन गरीब मुलांना शिकवायची इच्छा आहे. एका एजन्सीने कंबोडियातल्या अनाथाश्रमाचा दोन आठवड्यांचा कार्यक्रम दाखवलाय, विमानभाडं सोडून दीड लाख. मे महिन्यात निघायचं. शिक्षण मराठी माध्यमात झालं, मग आपलं इंग्रजी तिथे चालेल का, आणि घरचे नको म्हणतात त्यांना काय सांगायचं? (वयाने तुम्ही माझ्या मुलीहून लहान असाल, पण ओळख नाही म्हणून तुम्हीच म्हणते.)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होते, सगळी नोकरी रत्नागिरी तालुक्यात. निवृत्तीनंतर नेपाळमध्ये, कैलाली जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत शिकवायला जाऊन-येऊन असते. तेव्हा पुढे नेपाळचं जे आहे ते पाहिलेलं, कंबोडियाचं वाचलेलं.

दीड लाख भरू नका. शाळा असती तर घासाघीस करून बघा म्हटलं असतं. अनाथाश्रम आहे, म्हणून नकोच.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली. तोवर तिथलं युद्ध संपून बराच काळ लोटला होता. वाढत होते ते पर्यटक आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या देणग्या. युनिसेफ सांगते की तिथल्या अशा संस्थांमधल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. मग मुलं येतात कुठून? खेड्यातल्या आईबापांना सांगितलं जातं, पोर शहरात राहील, पोटभर जेवेल, परदेशी पाहुणे त्याला इंग्रजी शिकवतील. यातले परदेशी पाहुणे म्हणजे तुम्ही. तुमच्या मनात कितीही चांगलं असलं तरी तुमचं इंग्रजी तिथे आमिष म्हणून वापरलं जातं. नेपाळातही हेच झालं. २०१५ च्या भूकंपानंतर मुलं अशी उचलून नेली जातील या धास्तीने तिथल्या सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आणला, तेव्हा पर्यटकांच्या पैशासाठी अनाथाश्रम भरण्याचा हा उद्योग त्याच माळेत धरला गेला.

आणि दोन आठवड्यांत शिकवणार काय? पहिल्या दिवशी ‘व्हॉट इज युवर नेम’, शेवटच्या दिवशी गाणं आणि फोटो. पुढच्या सोमवारी दुसरी ताई येते, तीही ‘व्हॉट इज युवर नेम’पासूनच सुरुवात करते. वर्षभर हेच चालतं. त्या मुलांना हे एक वाक्य इतकं अस्खलित येतं की पाहुण्यांना वाटावं, वा, काय प्रगती आहे!

आता जायचंच असेल तर कुठे आणि कसं? माझं कसं झालं ते सांगते, कारण त्या वाटेला एजन्सी लागत नाही आणि ती वाट आपल्या रत्नागिरीतूनच निघते.

आपल्याकडे हापूसच्या बागांची राखण, फवारणी, काढणी आता बहुतेक नेपाळी माणसांच्या जिवावर चालते, हे चिपळूणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर खलाशीही तेच. आमच्या वाडीतल्या एका बागायतदाराकडे दरवर्षी कैलालीचं एक जोडपं यायचं आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात बसायची. आंबा संपला की जूनच्या सुरुवातीला ती माणसं भातलावणीला गावी जात. तिकडे शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे ही पोचेपर्यंत दोन महिने पुढे गेलेले. दिवाळी उरकून परत आली की आमचं पहिलं सत्र संपलेलं. दोन्हीकडच्या हजेरीपटात नाव, दोन्हीकडे अर्धवट.

मी एक साधी वही केली. इंग्रजीचे कुठले शब्द ती बघून वाचते, कुठल्या अक्षराला अडते, कुठला धडा झाला, सगळं हिंदीत लिहून वही तिच्या दप्तरात घालायची आणि सांगायचं, तिकडच्या मिसना दाखव. (नेपाळात बाईंना मिस म्हणतात.) पहिल्या वर्षी वही होती तशीच परत आली. दुसऱ्या वर्षी मागच्या पानांवर उत्तर होतं. त्या मिसने लिहिलं होतं की तिच्या वर्गात अशी बरीच मुलं आहेत, आईबापांबरोबर मुंबई-रत्नागिरीकडे ये-जा करणारी, आणि लहान मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवायचं हे तिला कुणी धड शिकवलेलं नाही, तुम्ही याल का? नोकरीत असताना कुठलं जमायला. पेन्शनचे कागद मार्गी लागले आणि गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिकडच्या एखाद्या शिक्षकाने बोलावलं असेल तर जा, आणि गेल्यावर त्या शिक्षकाच्या हाताखाली काम करा. वर्ग स्वतःच्या ताब्यात घेऊ नका. मी मिसच्या शेजारी बसते. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी उद्याचा धडा काढतो, सकाळी शिकवते ती. मी एखादा गट घेऊन कोपऱ्यात बसते, किंवा नुसतं बघते की कोण वाचतंय आणि कोण ओठ हलवतंय. मी परत आले तरी ती तिथेच असते, पुढच्या वर्षीची पहिली तिच्याकडेच येते.

कैलालीत थारू समाज मोठा. त्यांच्यातली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे कमैया म्हणून वेठीला होती. ती पद्धत नेपाळ सरकारने जुलै २००० मध्ये बंद केली. मुक्त झालेल्यांच्या वस्त्या आजही आहेत, त्यांची नातवंडं या शाळेत येतात. मुलाच्या घरात थारू, शाळेत नेपाळी, आणि पहिलीपासून इंग्रजीचं पुस्तक. आपल्याकडे घरात संगमेश्वरी किंवा मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि २००० पासून पहिलीलाच इंग्रजी, यापेक्षा फार वेगळं नाही. मला तिथे परकं वाटलं नाही ते यामुळेच. लिपीही देवनागरीच असल्याने मिसशी चिठ्ठ्याचपाट्यांवर काम भागतं.

तिसरीतला एक मुलगा होता. फळ्यावरचं ‘धिस इज अ काऊ’ वहीत असं उतरवायचा की छापल्यासारखं. वाच म्हटलं की घडाघडा वाचायचा. मी फक्त ‘काऊ’वर बोट ठेवलं आणि विचारलं हे काय, तर तो पुन्हा ‘धिस’पासून सुरू! मधला एक शब्द सुटा काढून त्याला वाचता येत नव्हता, अख्खं वाक्य आरतीसारखं पाठ. असली मुलं मी सगळ्या नोकरीभर पाहिली आहेत, म्हणून चटकन लक्षात आलं. जाताना मी जुन्या लग्नपत्रिका नेल्या होत्या. त्यांचा कागद जाड आणि आतली बाजू बहुधा कोरी. तिच्यावर वाक्य लिहायचं, त्याच्यादेखत कात्रीने शब्द-शब्द कापायचे, उलटसुलट करायचे आणि लाव म्हणायचं. सुरुवातीला तो रडकुंडीला आला. मग ‘काऊ इज धिस’ असं लावून स्वतःच हसला. हसला म्हणजे वाचलं त्याने. मिसने दुसऱ्या दिवशी तिच्याकडच्या पत्रिका आणल्या. आता तो खेळ माझ्याशिवाय चालतो.

तेव्हा तुमच्या मराठी माध्यमाची काळजी सोडा. घरात कुणी इंग्रजी बोलत नसताना ती भाषा कशी शिकायची हे तुम्ही स्वतः करून पाहिलेलं आहे. लंडनहून आलेल्या मुलीला ते माहीत नसतं. उच्चार बरे असावेत, पुस्तकातल्या चुका शिकवू नयेत, एवढं पुरे. एकशेवीस तासांचा टीईएफएलचा (इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचा) ऑनलाइन कोर्स पगारी नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडतो. तुमच्या कामाला त्याआधी वर्गात बसणं उपयोगी पडेल. इंटरनेटवर शोधताना पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेची पानं भरपूर दिसतील, त्यांत वेळ घालवू नका, ते फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे.

वर्गात बसणं म्हणजे कुठे, तर तुम्हाला लांब जायला नको. बोटी १ ऑगस्टला सुटल्या की बंदराजवळच्या शाळांत खलाशांची मुलं येतात, थंडीत बागांजवळच्या शाळांत राखणदारांची. पटसंख्या वीसच्या आत आणि शिक्षक एक-दोन, अशा शाळा आपल्या जिल्ह्यात किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना भेटा, केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला, आठवड्यातून दोन दुपारी मागा. त्या मुलांच्या तोंडी इंग्रजी असतंच: बोट, इंजिन, डिझेल, रिचार्ज, टेम्पो, क्रेट. तिथूनच सुरू करा. एक पावसाळा आणि एक हिवाळा असं केलंत की त्यांच्यापैकीच कुणाचं तरी गाव तुम्हाला बोलावेल.

माझा मुलगा म्हणाला होता, आई, इथे पलीकडच्या वाडीत शाळा आहे, तिथे जा की, नेपाळ कशाला? त्याचं बरोबर होतं. मला नेपाळ बघायचं होतं, हेही खरं. परदेश बघायची हौस असण्यात काही वावगं नाही, फक्त त्या हौसेचा खर्च मुलांच्या माथी मारू नये.

कागदपत्रांचं पटकन सांगते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र चालतं. तुमच्या वयाला आधार चालत नाही. दुसऱ्या देशात जाणार असाल तर लक्षात ठेवा, पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही बऱ्याच ठिकाणी बेकायदा ठरतं आणि एजन्सी हे सांगत नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो, फी ५०० रुपये. समोरच्या शाळेने मागितला नाही तरी काढून न्या. दाखला न बघता कुणालाही मुलांत सोडणारी संस्था तुमच्यासारखीच दुसऱ्या कुणालाही सोडत असते, हे ओळखा. मुलांबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, त्यांचे फोटो नावानिशी कुठे टाकायचे नाहीत.

कैलालीची वाट अशी: मुंबईहून दिल्ली, आनंदविहारहून बनबसाची बस, शारदा नदीच्या बंधाऱ्यावरून पलीकडे महेंद्रनगर, तिथून अत्तरियामार्गे पुढे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपला रुपया तिथे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभराच्या नोटा जास्त ठेवा. मी शिक्षकांच्याच घरी राहते, जेवणाचे पैसे देते, सरळ ठरवून. दीड लाखात तुमचं असं कितीतरी महिने भागेल.

एजन्सीला अजून काही भरलं नसेल तर भरू नका. बुकिंगचे भरले असतील तर करारातलं रद्द करण्याचं कलम आधी वाचा आणि ईमेलने विचारा: दीड लाखातले किती मुलांपर्यंत जातात, मी नसताना त्यांना कोण शिकवतं, मुलांच्या आईवडिलांची परवानगी कुठे आहे. उत्तर लेखी मागा, फोनवर गोड बोलतात.

घरच्यांसाठी माझ्याकडे युक्तिवाद नाही. ज्या शाळेत जाणार तिथल्या मुख्याध्यापकांशी आईला व्हिडिओ कॉलवर बोलायला लावा. तिकडे हिंदी समजतं. माझ्या घरचा विरोध त्या मिसच्या सासूबाईंनी ‘आमच्याकडेच राहतील’ म्हटल्यावर मावळला, माझ्या बोलण्याने नाही.

मे महिना मात्र सोडा. तराईत, म्हणजे कैलालीसारख्या नेपाळच्या सपाट भागात, तेव्हा ऊन सोसवत नाही, नंतर पूर, आणि जानेवारीत शीतलहरीमुळे शाळा मधेच बंद पडतात. दसैं आणि तिहारच्या सुट्ट्या, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, उरकल्या की शाळा भरते आणि गारठा वाढेपर्यंत सलग काम होतं. शनिवारी सुट्टी, रविवारी शाळा असते, तेव्हा शुक्रवारी पोचेल असं तिकीट काढू नका.