वाचकांचे प्रश्न : नारळी पौर्णिमा

प्रश्न : नारळी पौर्णिमेला आमच्या सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. यंदा मुंबईच्या कोळीवाड्यातला सण बघायचाय. किती वाजता पोहोचावं? जाणं जमलं नाही, तर नारळ सिद्धेश्वर तलावात सोडावा का? आणि आमच्या नारळी भाताची शितं दरवर्षी टणक का होतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुपारी तीनपर्यंत पोहोचा. सोनेरी कागदात गुंडाळलेला 'सोन्याचा नारळ' वाजतगाजत दर्याकडे निघतो तो साधारण दुपारनंतरच. नेमकी वेळ त्या कोळीवाड्यातच विचारा, प्रत्येक ठिकाणची वेगळी असते. पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास असते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. पाणी मागे हटलेलं असतं, चिखल आणि शेवाळलेले खडक उघडे पडतात, म्हणून पट्ट्याच्या चपला घाला. सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पौर्णिमा थेट ऑगस्टच्या अखेरीस येते. त्यामुळे होड्या आधीच समुद्रात गेलेल्या दिसल्या तरी नवल वाटू देऊ नका. दर्याला नारळ देऊन 'आता शांत हो, आमच्या माणसांना सांभाळ' म्हणायचं, ते त्या दिवशीच.

तलावात नारळ सोडू नका. हे मागणं खवळलेल्या समुद्राकडे आहे. साचलेल्या पाण्यात नारळ नुसता कुजतो, चमकी कागद तर तसाच राहतो. घरी कलशावर ठेवून वरुणाची पूजा करा आणि तोच नारळ भाताला वापरा.

आता भात. बहुतेक घरी चूक एकच होते : अर्धकच्च्या भातात गूळ घालतात. गूळ पाणी धरून ठेवतो, मग शीत पुढे शिजतच नाही, कितीही वाफ द्या. १ वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास निथळा. २ चमचे तुपात ४ लवंगा टाकून तांदूळ परता. २ वाट्या गरम पाणी, चिमूटभर मीठ घालून भात पूर्ण शिजवा. शीत बोटांनी चिरडलं की मधे कणी लागता कामा नये. परातीत पसरून पूर्ण गार करा, गरम भात ढवळला की शितं मोडतात. १ वाटी ओलं खोबरं आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर ठेवा, गूळ विरघळला की लगेच भात घाला. पाकाला तार आली, तर गार झाल्यावर भात दगड होतो. वेलची घालून झाकण ठेवा. सुरुवातीला पातळ दिसेल, घाबरू नका; पातेल्याखाली तवा ठेवून दोन वाफा दिल्या की पाणी आटतं.