व्हॅलेन्सियातलं घर ब्रिटनमध्ये बसून पक्कं करू नका

तुम्ही विचारलंय की दहा वर्षं ब्रिटनमध्ये काढली, नवऱ्याचं काम घरूनच चालतं, मुलगी सात वर्षांची आहे आणि स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जायचं जवळपास ठरलंय; तर घर वेबसाइटवर बघून तिथूनच पक्कं करावं, की इकडे येऊन शोधावं, की सरळ विकतच घ्यावं?

आम्ही सप्टेंबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातून इथे आलो. घर रेडिंगच्या स्वयंपाकघरात बसून पक्कं केलं होतं, आणि त्या निर्णयाने आमचं पहिलं वर्ष खाल्लं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जाहिरातीत फोटो सुंदर होते. 85 चौरस मीटर, दोन बेडरूम, मेट्रो पाच मिनिटांवर. खाली एक शब्द होता, ‘इंटेरिओर’. मला वाटलं, आतल्या बाजूला म्हणजे शांत असेल. खरा अर्थ असा की घराची एकही खिडकी रस्त्यावर उघडत नाही, सगळ्या इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडतात. मुंबईत जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला तो डक्ट लगेच डोळ्यांसमोर येईल. रस्त्याकडे खिडक्या असतील तर ‘एक्स्तेरिओर’ लिहितात. आणि 85 मीटर हा बिल्ट-अप निघाला. इथे ‘कोन्स्त्रुईदोस’ म्हणजे बिल्ट-अप आणि ‘ऊतिलेस’ म्हणजे कार्पेट. आपण पुण्यात फ्लॅट घेताना जो प्रश्न पहिल्यांदा विचारतो, तोच मी इथे विचारला नाही. कार्पेट 66 होता.

डिसेंबर आला. बाहेर दुपारी सोळा-सतरा अंश, लोक उन्हात कॉफी पीत बसलेले, आणि आम्ही घरात दोन-दोन स्वेटर घालून. इथल्या बहुतेक जुन्या घरांत ब्रिटनसारखं सेंट्रल हीटिंग नसतं. खाली फरशी, भिंतींना इन्सुलेशन नाही आणि समुद्राची दमट हवा. वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओले राहायचे. एके दिवशी मुलीचा पलंग ओढला तर मागची भिंत हातभर काळी पडलेली, बुरशीने. ती महिनाभर खोकत होती आणि आम्ही शाळेतल्या सर्दीला दोष देत होतो. त्या भिंतीसमोर उभं राहून मला जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. इथलं घर उन्हाळ्यात बघून घेऊ नका. जमलं तर जानेवारीत या, आणि दुपारी दोन वाजता बघा की ऊन कुठल्या खोलीत किती आत येतं.

दुसरी चूक कराराची. आमचा करार अकरा महिन्यांचा होता, ‘तेम्पोरादा’, म्हणजे हंगामी. इथल्या कायद्याप्रमाणे कायम राहण्यासाठी घर दिलं तर भाडेकरूला पाच वर्षं राहण्याचा हक्क मिळतो, मालक कंपनी असेल तर सात. डिपॉझिट एका महिन्याचं, त्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची हमी. सहा महिने झाले की तीस दिवसांची नोटीस देऊन तुम्ही निघू शकता. एजंटची फी 2023 च्या गृहनिर्माण कायद्यापासून मालकाने द्यायची. हे सगळं टाळायला पुष्कळ मालक हंगामी करार पुढे करतात. आमच्याकडून दोन महिन्यांचं डिपॉझिटही घेतलं आणि एजंटची फीसुद्धा. त्यात एक कलम होतं की या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करायची नाही.

ही नोंदणी म्हणजे ‘पाद्रोन’. मुलीचा शाळाप्रवेश, दवाखाना, पुढची कागदपत्रं, सगळं तिच्यावर अडतं. मला नंतर समजलं की जिथे राहतो तिथे नोंदणी करणं हे कायद्याने आपलं कर्तव्यच आहे आणि सही केलेला करार त्यासाठी पुरतो. पण तेव्हा नवीन होतो, मालकाला दुखवायची भीती वाटत होती. त्यात शाळेच्या प्रवेशाची मुदत निघून गेली. तुम्ही पहिल्याच फोनवर विचारा, पाद्रोन करता येईल ना? समोरचा घुटमळला तर ते घर सोडा.

मग शोध कसा घ्यायचा? दीड-दोन महिन्यांसाठी सुट्टीतल्या भाड्याचं काहीतरी घ्या, सामान कमीत कमी आणा, आणि चाला. इदेआलिस्ता आणि फोतोकासा या वेबसाइटी बघाच, पण चांगलं घर तिथे काही तासांत जातं आणि ईमेलला क्वचित उत्तर येतं. फोन करा, इथला नंबर घेऊन करा. मी एवढंच पाठ केलं होतं: ‘बुएनोस दीआस, यामो पोर एल पिसो, सीगे दिस्पोनीब्ले?’ नमस्कार, फ्लॅटसाठी फोन केलाय, अजून आहे का? मोडकंतोडकं बोललं तरी माणसं वेळ देतात. आणि मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. घरात पाय ठेवल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

आमचं आत्ताचं घर पात्राईशमध्ये मिळालं. हे पूर्वी वेगळं गाव होतं, आता शहरातच आहे, मधला चौक अजून गावासारखा आहे. एका दाराच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता, ‘एस ल्योगा’. व्हॅलेन्सियन भाषेत भाड्याने देणे आहे; स्पॅनिशमध्ये ‘से आल्किला’ लिहितात. दोन्ही शब्द लक्षात ठेवून बाल्कन्यांकडे बघत चला. मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी आत नेलं, खिडकीबाहेरचं शटर पट्टा ओढून वर घेतलं, आणि ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं. खाली नक्षीच्या सिमेंटच्या फरशा, अगदी माझ्या आजोळच्या माजघरात होत्या तशा. मी तिथेच बसकण मारली असती. पण पहिलं विचारलं, हिवाळ्यात ऊन किती वाजेपर्यंत? म्हणाल्या, चारपर्यंत. दुसरं विचारलं पाद्रोनचं. मजलाही विचारून घ्या. जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर ‘एन्त्रेसुएलो’, मग ‘प्रिन्सिपाल’ आणि त्यानंतर ‘पहिला’ असू शकतो. लिफ्ट नसेल तर तिसरा मजला पाय मोडतो.

मालकाला तुमची भीती असते ती पगाराची. त्यांना इथल्या कंपनीची पगारपत्रकं हवी असतात, तुमची ब्रिटिश असणार. आम्ही फाइल स्पॅनिशमध्ये करून नेली. नोकरीच्या कराराचा अनुवाद, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, रेडिंगच्या मालकाचं पत्र. दोन महिन्यांची जादा हमी आपणहून देऊ केली. वर्षाचं भाडं एकदम मागितलं तर देऊ नका. एका वेळी महिन्याभराहून जास्त आगाऊ भाडं मागायचा मालकाला अधिकार नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. 29 ऑक्टोबर 2024 चा पूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. दोनशेहून जास्त माणसं गेली. शहराच्या दक्षिणेकडच्या पायपोर्ता गावात पाऊस फारसा नव्हताच, पाणी वरच्या डोंगरभागातून ओढ्याने आलं. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली, जुन्या पात्रात आज बाग आहे. त्या नव्या पात्राने शहराचा मुख्य भाग वाचला आणि पलीकडची गावं बुडाली. पुढचे कित्येक दिवस आमच्या भागातून माणसं झाडू, फावडी, बादल्या घेऊन पूल ओलांडून चालत जात होती, आम्हीही गेलो. एका घरात चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती, आणि त्या रेघेखाली भिंतीवर लग्नाचा फोटो तसाच लटकत होता. पायपोर्ता, कातारोखा, आल्फाफार या बाजूला घरं बघणार असाल तर जरूर बघा, माणसं फार चांगली आहेत. पण सरकारचे पूरक्षेत्रांचे नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत, ते आधी उघडा, आणि तळमजला घेऊ नका.

विकत घेण्याचं पहिल्या वर्षी मनातही आणू नका. घर घेतलं की राहायची परवानगी मिळते असं अजूनही कोणी सांगत असेल, तर पाच लाख युरोंची ती गोल्डन व्हिसाची सोय 3 एप्रिल 2025 ला बंद झाली. पुढे घ्याल तेव्हा ‘नोटा सिम्प्ले’ काढा. नोंदणी कार्यालयाचा हा उतारा दहाएक युरोत मिळतो आणि सात-बारावर बोजा बघतो तसा त्यात मालक कोण, कर्ज किती ते दिसतं. ‘आर्रास’ म्हणजे इसार म्हणून साधारण दहा टक्के द्यावे लागतात. तुम्ही माघार घेतली तर ते बुडतात, विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट द्यायचे. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघंही मोकळे असतात, ती सवय इथे महागात पडते. नोटरी तटस्थ असतो, तो तुमचा वकील नव्हे. वकील वेगळा करा. इमारतीची ‘कोमुनिदाद’ म्हणजे आपली सोसायटीच, मेंटेनन्स आणि वार्षिक सभेसकट. आधीच्या मालकाची चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी तुमच्या घरावर येते, तेव्हा थकबाकी नसल्याचा दाखला घ्याच, आणि ‘देर्रामा’, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची जादा वर्गणी, मंजूर झाली आहे का तेही विचारा.

तुमच्यापैकी कोणाचा पासपोर्ट कुठला ते लिहिलेलं नाही. ब्रिटिश असेल तर 180 दिवसांत 90 दिवस व्हिसाशिवाय येऊन घरं बघता येतील. भारतीय पासपोर्ट आणि आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, असेल तर बघायला यायलाही शेंगेन व्हिसा लागेल, आणि सलग दोन वर्षांहून जास्त ब्रिटनबाहेर राहिलात तर आयएलआर जातो. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने तो असा गमावला आणि परतीचं दार बंद झालं. नवऱ्याच्या कामासाठी 2023 पासूनचा डिजिटल नोमॅड व्हिसा आहे, परदेशी कंपनीचं काम इथे बसून करणाऱ्यांसाठीचा. कंपनी किमान वर्षभर जुनी आणि तुमची तिथली नोकरी किमान तीन महिन्यांची हवी. भारतात फ्लॅट किंवा ठेवी असतील तर इथे करदाते झाल्यावर 50,000 युरोंच्या वरची परदेशी मालमत्ता ‘मोदेलो 720’ या कराच्या फॉर्ममध्ये कळवावी लागते. तेवढ्यासाठी निघण्याआधीच करसल्लागार गाठा.

यात सगळ्यात जास्त वेळ खाईल तो तुमच्या लग्नाचा दाखला. लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, लागतो, मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. आम्हाला हे उशिरा समजलं आणि माझ्या दिराला दोनदा रजा काढून मुंबईला खेटे घालावे लागले. मूळ दाखला कोणाच्या कपाटात आहे ते आज रात्रीच घरी फोन करून विचारा.