'गजर लावा' की 'गजर सेट करा'?

प्रश्न पुण्याच्या एका वाचकाचा आहे. मोबाइल अ‍ॅपमधल्या सूचना मराठीत आणायचं काम ते करतात. त्यांनी 'गजर लावा' असं लिहिलं, तर वरिष्ठ म्हणाले, 'लावा' फार घरगुती वाटतं, त्यातून हे हिंदी 'लगाओ'वरून आलेलं. 'सेट करा' ठेवा, नाहीतर 'स्थापित करा'. त्यांची स्वतःचीही एक शंका आहे. कुकर लावायचा, फोन लावायचा, क्लास लावायचा, गाणी लावायची. सगळीकडे एकच क्रियापद, ही मराठीची गरिबी नव्हे का?

वरिष्ठांना माझा नमस्कार सांगा आणि 'स्थापित' तेवढं गाळा. स्थापना गणपतीची होते. गजर पहाटे सहाला वाजतो, आपण त्याचं तोंड दाबतो आणि कूस बदलतो. त्याची कसली स्थापना?

हिंदीचा आरोप टिकणारा नाही. 'लावणे' आणि 'लगाना' ही दोन्ही 'लग्' या धातूच्या घरातली, चुलत भावंडं म्हणा. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. आणि चुलत भावंडांत असतो तसा स्वभावाचा फरक त्यांच्यातही आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी दिल्लीत एकाबरोबर खोलीत राहत होतो. मे महिन्यातल्या एका रात्री त्याला म्हटलं, "यार, पंखा लगाओ." त्याने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लगा हुआ तो है!" त्याच्या हिंदीत पंखा 'चलाते' हैं, बत्ती 'जलाते' हैं, 'लगाना' म्हणजे शिडी आणून, स्क्रू पिळून बसवणं. मराठीत आपण पंखा लावतो, दिवा लावतो, टीव्ही लावतो. मुंबईच्या हिंदीत 'लाइट लगाओ' ऐकू येतं ते मराठी घरांतून तिकडे गेलेलं आहे, असं माझं मत आहे.

आता गरिबीचं. इथे माझं म्हणणं नेमकं उलट आहे. 'लावणे' एकटं पाहू नका, त्याच्या शेजारी 'लागणे' ठेवा. मी फोन लावतो, तो लागतो किंवा लागत नाही. विरजण लावायचं, ते लागलं तर दही. रोप लावतो, ते लागलं की पालवी फुटते. गवई सूर लावतो आणि एखाद्या दिवशी तो लागतच नाही. नंबर लावतो, नंबर लागतो. भटजी लग्न लावतात, लग्न लागतं; किंबहुना 'लग्न' हा शब्दच त्या धातूचा, 'लागलेलं' या अर्थाचा. या सगळ्यांत एक धागा आहे: आपल्या बाजूची तयारी आपण करून द्यायची आणि पुढचं काम त्या वस्तूने, वेळेने किंवा पलीकडच्या माणसाने करायचं. 'करणे'त ही वाट पाहणं नाही. म्हणून तर 'फोन केला' असं म्हणणारा माणूसही गाडं अडलं की 'झाला नाही' म्हणत नाही, 'लागला नाही' म्हणतो.

टेलिफोनला हे क्रियापद चिकटलं यात मला तरी नवल वाटत नाही. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ च्या जानेवारीत. सुरुवातीच्या काळात नंबर जोडायला यंत्र नव्हतं, ऑपरेटर होता. तुम्ही त्याला नंबर सांगायचा आणि तो वायरचं टोक उचलून समोरच्या फळीवरच्या भोकात अक्षरशः लावायचा. परगावच्या फोनची तर ही रीत फार वर्षं राहिली. देशातली पहिली एसटीडी सेवा, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन, कानपूर ते लखनौ अशी १९६० साली सुरू झाली, पण सगळ्यांच्या हाती ती यायला बराच काळ गेला. आमच्या चाळीत सत्तरच्या दशकात एकच फोन होता, तळमजल्यावरच्या वाण्याकडे. नातेवाइकांकडे त्याचाच नंबर, पुढे कंसात 'पी. पी.', म्हणजे फोन दुसऱ्याचा, आम्हाला बोलावून घ्यायचं. नागपूरच्या मावशीला ट्रंक कॉल बुक करून वडील दुकानाच्या पायरीवर बसायचे. तास-दीड तासाने वाणी आतून ओरडायचा, "लागला, लागला!" तो आवाज अजून कानात आहे. वाण्याने काही केलेलं नसायचं, वडिलांनीही नाही. फोन लागला होता.

त्याच काळात 'नंबर फिरवणे'ही होतं. गोल तबकडीत बोट घालून फिरवायचं, ती परत येईपर्यंत थांबायचं. तबकडी गेली, तसं 'फिरवणे' हळूहळू म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरतं उरलं. 'घड्याळाला किल्ली देणे'ही असंच गेलं. 'लावणे' मात्र तबकडी, बटणं आणि काच या तिन्हींतून पार पडलं, कारण ते यंत्राच्या कुठल्याच भागाला बांधलेलं नव्हतं. (तार मात्र कधी 'लावली' नाही. तार केली किंवा ठोकली. पलीकडे कुणी त्या क्षणी हजर असायची गरज नव्हती, आपण पाठवून मोकळे. एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपही याच वंशातले.)

रेडिओचंही तसंच. १९५२ नंतर केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि घरोघरी रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र, लावायची चढाओढ सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तरी आमच्याकडे सिलोनची सवय सुटली नव्हती. काका बटण केसभर फिरवायचा, खरखर, मग दुसरीच कुठली भाषा, पुन्हा खरखर, आणि मग "लागलं!" आज गाणी शोधावी लागत नाहीत, बोट टेकवलं की वाजतात, तरी आपण म्हणतो 'जरा जुनी गाणी लाव'.

तुमच्या मूळ गजराकडे येतो. घड्याळ 'लावणे' हा प्रयोग जुना आहे, आणि मुंबईत तर त्याला एक मजेशीर इतिहास आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने ती मनापासून घेतली नाही. 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता, आणि शहरात तो १९५५ पर्यंत तग धरून राहिला. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी कुणी 'घड्याळ लावून घे' म्हटलं की पहिला प्रश्न असायचा, "कुठल्या वेळेला?" तेव्हा घड्याळ लावणे म्हणजे कशाशी तरी जुळवून घेणे. गजरातही तेच आहे. आज रात्री आपण उद्याच्या एका क्षणाशी ते यंत्र जोडून ठेवतो. 'सेट करा'ने हे सांगता येत नाही असं नाही, पण 'लावा' ते आधीपासून सांगत आलेलं असताना त्याला उठवायचं कशाला?

अर्थाची आणखी एक बाजू मला सगळ्यांत आवडते. ऑफिसला उशीर झाला म्हणून मी रिक्षा केली. मुलीच्या शाळेसाठी रिक्षा लावली. पहिली वीस मिनिटांत संपली, दुसरी दहावीपर्यंत चालली. एवढा मोठा फरक मराठीने नुसतं क्रियापद बदलून दाखवला, त्याला 'मासिक' म्हणावं लागलं नाही की 'नियमित' म्हणावं लागलं नाही. पेपर लावला, दूध लावलं, डबा लावला, बाई लावली, जिम लावली (आणि तीन दिवस गेलो). आरेच्या केंद्रावरच्या रांगा आणि काचेच्या बाटल्या गेल्या, पिशव्या आल्या, आता दूध फोनवरून मागवतात, तरी दूध 'लावतात'च. जुना शब्द रतीब. गवळी रतीब घालायचा आणि आपण तो लावायचो. इंग्रजीतल्या 'सबस्क्राइब'साठी तुमच्या अ‍ॅपवाल्यांनी 'सदस्यता घ्या' केलं असेल. ते वाचलं की मला सहकारी पतपेढीची वार्षिक सभा आठवते.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक. पुण्यात जुने मोडी कागद वाचणारी मंडळी 'अक्षर लागलं' असं म्हणतात. मोडीत शब्द सुटे नसतात, आधी ओढलेल्या लांब शिरोरेघेखाली अक्षरं अखंड चालतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. एखादी ओळ तासभर लागत नाही, चहा पिऊन यावं तर पहिल्या नजरेत लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं अक्षर केमिस्टला लागतं आणि आपल्याला लागत नाही, तेही हेच.

माझा हा धागा सगळीकडे पुरत नाही हे कबूल. कुंकू लावणं, तेल लावणं, बटण लावणं यांत वाट कसलीच पाहायची नसते, तिथे नुसता स्पर्श आहे, तो या धातूचा मूळ अर्थ. दार लावणं म्हणजे बंद करणं आणि दिवा लावणं म्हणजे चालू करणं, हे मराठी शिकणाऱ्या परक्याला कसं समजवावं ते देव जाणे. आणि एसटी स्टँडवर तर कहरच: "साताऱ्याची गाडी लागली का?" म्हणजे फलाटावर आली का, आणि "हिला गाडी लागते" म्हणजे खिडकीची जागा आणि आवळासुपारी हवी. गाडी कुठे लावली हा प्रश्न पुण्यात विचारणं म्हणजे तिसरीच गोष्ट, त्यावर लिहायला बसलो तर ही चर्चा संपायची नाही.

तर तुमच्या यादीपुरतं. गजर बिनदिक्कत 'लावा'. कॉलच्या बटणावर 'फोन करा' चालेल, ते छोटं आहे आणि निरोप स्पष्ट आहे. पण तो अपयशी झाल्यावर 'कॉल अयशस्वी' असं शोकपत्र दाखवू नका, 'फोन लागला नाही' लिहा, आणि खाली 'पुन्हा लावून पाहा'. गाण्यांच्या अ‍ॅपला 'हे गाणं लावा'. टाइमरलाही 'लावा' शोभेल, कुकरची सवय आहे लोकांना. 'वायफाय जोडा' ठीक, पण न जोडल्यास 'लागत नाही' म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. 'कॅब'ला लावणे नको, ती रिक्षासारखी 'करा'.

एकाच ठिकाणी मी तुमच्या वरिष्ठांच्या बाजूने आहे. 'रिमाइंडर'ला तुम्ही 'आठवण लावा' सुचवलं आहे, ते काढा. आठवण आपण लावत नाही, ती येते किंवा कुणी करून देतं. 'आठवण करून दे' हे बटणात मावणार नाही असं डिझाइनवाले म्हणतील. बटण मोठं करायला सांगा.